विमानाला दोष देण्याआधी नकाशा बघ

अगं, गेममधलं विमान बदलून काही होणार नाही, हे तुला एकदा नीट सांगायचंच होतं. दर फोनला तुझं तेच. "ताई, माझं झिरो हळू आहे, समोरच्या पोट्ट्यांकडे मस्टँग असतात, मी वर पोचायच्या आधीच मरते." मग बाबांच्या मागे लागतेस, प्रीमियम विमान घेऊन द्या म्हणून. घेतलंस समज. त्याच जागी, त्याच उंचीवर जाशील आणि तशीच पडशील. फरक एवढाच, की महागात पडशील.

विमान पैशानं मिळतं. नकाशा सगळ्यांना फुकट आणि सारखाच मिळतो, अन् तोच कोणी बघत नाही. सामना सुरू व्हायच्या आधी तो पडद्यावर येतो, तेव्हा तू फोन चाळत असतेस. बाकीचेही तेच करतात, म्हणून तर सांगतेय. निम्मी लढाई तिथं ठरलेली असते.

कसं आहे न, जमिनीवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये भिंती असतात, गल्ल्या असतात, जिने असतात. कुठून जायचं ते बांधकामच सांगतं. आकाशाला भिंत नाही. मग गेम बनवणाऱ्यानं तीस-बत्तीस जणांना एकमेकांसमोर आणायचं कसं? मोकळं सोडलं तर अर्धे जण एकमेकांना शोधतच फिरतील. म्हणून तो दुसऱ्या युक्त्या करतो. जिंकायची वस्तू कुठं ठेवायची, विमानं कुठून आणि किती उंचीवरून सोडायची, डोंगर कुठं उभे करायचे, ढग किती उंचीवर आणायचे, हद्द कुठं आखायची. या सगळ्या न दिसणाऱ्या भिंतीच आहेत. त्या ज्याला दिसतात तो टिकतो.

तुला पटकन समजेल असं आपल्याकडचंच उदाहरण देते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. दरवर्षी कितीतरी जण जखमी होतात, जीवही गेलेत. मला तर ती बघवत नाही. पण दगड बाजूला ठेव आणि नुसती मांडणी बघ. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मधे पात्रात रोवलेलं पळसाचं झाड आणि त्यावर झेंडा. काठ एवढे लांब, माणसं हजारो, पण सगळी झुंबड कुठं उडते? झाडाभोवतीच. कारण झेंडा तिथं आहे. सावरगाववाल्यांना तो राखायचाय, पांढुर्णावाल्यांना आणायचाय. म्हणजे दोघांचं काम सारखं नाही. एकाला उघड्या पात्रात उतरावंच लागतं, दुसऱ्याला आपल्या जागी थांबून मारा केला तरी चालतं. आता तोच झेंडा पांढुर्ण्याच्या काठाला लागून रोवला असता तर? माणसं तीच, दगड तेच, पण खेळ पार बदलला असता. तुझ्या गेममध्ये हेच होतं. झेंडा कुठं आहे ते आधी बघ. झिरो की मस्टँग, हा प्रश्न नंतरचा.

तर पहिली गोष्ट ही, की सामना कशानं जिंकला जातो ते वाच. वॉर थंडर या गेमचंच घे. एखाद्या सामन्यात मधलं धावपट्टीचं मैदान ताब्यात घ्यायचं असतं, आणि त्यासाठी विमान तिथं उतरवावं लागतं. चाकं टेकली की मैदान आपलं. आता विचार कर. उतरायचं म्हणजे वेग सोडायचा, उंची सोडायची, सरळ रेषेत यायचं. वर टपून बसलेल्याला याहून सोपं सावज कोणतं? म्हणून अशा नकाशात शहाणा गट आधी दोघातिघांना वर ठेवतो आणि मग एकाला उतरवतो. पोरं मात्र धडाधड एकामागोमाग उतरतात आणि धावपट्टीवर कोळसा होऊन पडतात. दुसऱ्या एखाद्या सामन्यात जमिनीवरचे रणगाडे, तोफा, गाड्या फोडून समोरच्याचे गुण कमी करायचे असतात. तिथं तू चार विमानं पाडलीस आणि तिकडं त्यांच्या बॉम्बवाल्यांनी आपला सगळा तांडा जाळला, तर तुझी चार विमानं गेली पाण्यात. मग ओरडतेस, "मी सगळ्यात जास्त मारले, तरी हरलो कसे?" असेच हरलो, बाई.

दुसरी गोष्ट अंतर. हा जरा गणिताचा भाग आहे, पण तुला गणित जमतं, नाटकं नको करू. समज, तुझं महायुद्धाच्या काळातलं फायटर मिनिटाला 900 मीटर चढतं आणि चढताना त्याचा वेग ताशी 270 किलोमीटर, म्हणजे मिनिटाला साडेचार किलोमीटर असतो. झुंजीची जागा तुझ्या धावपट्टीपासून 10 किलोमीटरवर असेल, तर सरळ निघालीस की सव्वादोन मिनिटांत पोचशील आणि तेव्हा 2000 मीटरवर असशील. समोरचाही तेवढाच. म्हणजे सगळी मारामारी 2000 मीटरच्या आसपास होणार, हे विमानं उडायच्या आधीच ठरलं. कोणी ठरवलं? दोन धावपट्ट्यांमधलं अंतर ज्यानं आखलं, त्यानं.

आता तू सरळ न जाता नकाशाच्या कडेकडेनं वळसा घेतलास, 20 किलोमीटरचा. पोचायला साडेचार मिनिटं लागतील, पण पोचशील तेव्हा 4000 मीटरवर असशील. खाली सगळे गुंतलेले, वेग संपलेले, एकमेकांच्या शेपटीमागे गोल गोल फिरताहेत. आणि तू त्यांच्या डोक्यावर 2000 मीटर. उंची म्हणजे साठवलेला वेग. ताशी 400 च्या वेगात 1000 मीटर खाली सूर मारलास, तर हवेचा विरोध सोडून कागदावर वेग 640 च्या घरात जातो. एक झडप घालायची, लागलं तर लागलं, नाही लागलं तर त्याच वेगावर परत वर. वळायचं नाही. खालचा तुझ्याकडे नाक वर करेल, पण त्याच्याकडे चढायला वेगच उरलेला नसेल.

पण हा वळसा सगळीकडे चालत नाही, हेही नकाशाच सांगतो. मैदान लहान असेल, सामना तीन-चार मिनिटांत निकाली निघणारा असेल, तर तू वर पोचेस्तोवर खाली आपले सगळे संपलेले असतात. मग तू एकटी 4000 मीटरवर आणि खाली पाच जण तुझी वाट बघत. अशा वेळी थोडं कमी चढायचं आणि गटासोबत राहायचं. नकाशा मोठा असेल आणि बॉम्बर आधीच हवेत उंचावर सोडलेले असतील, तर चढणं भागच आहे. नाहीतर ते तुझ्या डोक्यावरून निघून जातील आणि तू नुसती मान वर करून बघशील.

आता तुझ्या झिरोचं. झिरो हलकं विमान, कमी वेगात सुरेख वळतं, पण खोल सूर मारताना जड पडतं. मस्टँग याच्या उलट. वेगात राहिलं तर त्याला हात लावता येत नाही, वळायला गेलं तर फसतं. मग तुझ्या कामाचा नकाशा कोणता? जिथं झुंज खाली होते, जिथं जिंकायची वस्तू जमिनीलगत आहे, जिथं डोंगरांच्या मधे, बेटाच्या कडेला मस्टँगवाल्याला वेग सोडावाच लागतो. मोकळा सपाट प्रदेश, निरभ्र आकाश आणि दूरदूरच्या धावपट्ट्या आल्या की समजायचं, आज दिवस मस्टँगवाल्याचा. तिथं त्याच्याशी एकट्यानं भिडायला जायचं नाही. आपल्या बॉम्बरच्या शेपटीला राहायचं, म्हणजे मस्टँगवालाच तुझ्याकडे खाली येईल. त्याला तुझ्या जागी आणायचं, तू त्याच्या जागी जायचं नाही.

खऱ्या युद्धातही अंतरानं असंच केलंय. 1940 मध्ये जर्मनीची मेसरश्मिट विमानं फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उडून इंग्लंडवर यायची. विमान उत्तम, चालवणारे कसलेले. पण टाकीतलं इंधन एवढंच, की लंडनवर जेमतेम 10 मिनिटं थांबता यायचं. ब्रिटिशांचं विमान पडलं आणि वैमानिक छत्रीनं उतरला तर तो स्वतःच्याच देशात, कधी संध्याकाळी परत तळावर. जर्मन उतरला तर कैदी. शिवाय किनाऱ्यावरच्या रडारमुळे ब्रिटिशांना हल्ला येतोय हे आधी कळायचं, त्यामुळे उगाच आकाशात घिरट्या घालत इंधन जाळावं लागायचं नाही. विमानं जवळजवळ तोडीस तोड होती. पारडं झुकवण्यात या नकाशाचा मोठा वाटा होता.

तिसरी गोष्ट आडोसा. डोंगर, दऱ्या, ढग आणि सूर्य. सूर्याला पाठ देऊन वरून येणारा समोरच्याला दिसत नाही; म्हणून सामना सुरू झाला की सूर्य कुठं आहे ते बघून घ्यायचं. ढगाचं प्रत्येक गेममध्ये वेगळं असतं. एस कॉम्बॅट 7 मध्ये ढगात शिरलीस की मागं लागलेलं क्षेपणास्त्र चुकवता येतं, पण जास्त वेळ थांबलीस तर विमानावर बर्फ धरतं आणि ते ऐकेनासं होतं. म्हणजे ढग लपायला आहे, राहायला नाही. बनवणाऱ्यानं मुद्दाम तशी सोय केलीय, नाहीतर सगळे ढगातच घर करून बसले असते.

जेटच्या सामन्यात गेलीस की हेच डोंगर वेगळ्या कामाला येतात. एक हिशोब बघ. समज नकाशा 60 किलोमीटरचा आहे. ताशी 500 नं येणारी दोन जुनी विमानं समोरासमोर यायला साडेतीन मिनिटांहून जास्त लागतात. ताशी 1200 नं येणारी दोन जेट दीड मिनिटात भिडतात, आणि क्षेपणास्त्र तर त्याच्याही आधी सुटलेलं असतं. तोच नकाशा, पण जेटसाठी अंगणाएवढा झाला. तिथं उंच चढणं म्हणजे सगळ्यांच्या रडारवर आपण होऊन जाणं. म्हणून तिथले जाणते लोक जमिनीलगत, दरीतून जातात. मधे डोंगर आला की रडारला दिसत नाही, आणि जमिनीच्या गोंधळात क्षेपणास्त्राला नेम धरणं अवघड जातं. झिरोच्या सामन्यात शिकलेलं "आधी उंची" इथं घेऊन गेलीस, तर पहिल्याच मिनिटात संपशील. नियम पाठ करू नकोस. नकाशा आणि विमानाचा काळ दोन्ही बघून ठरव.

चौथी गोष्ट हद्द आणि तळ. समोरच्याच्या धावपट्टीभोवती विमानविरोधी तोफा असतात. जखमी विमान तिकडं पळालं की तू त्याच्या मागं जातेस. आता तो तुला चुकवतोय असं तुला वाटतं, पण तो तुला घरी नेत असतो. त्याच्या तोफांच्या टप्प्याच्या आधी वळ. एक विमान सुटलं तर सुटलं. उलट तू अडचणीत असशील तेव्हा आपला तळ कुठल्या दिशेला आहे, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

हद्दीचं म्हणशील तर तिच्याबाहेर गेलं की ताकीद येते आणि मग बाद. म्हणून बॉम्बरवाले काय करतात, हद्दीला खेटून जातात. एक बाजू आपोआप सुरक्षित. त्या बाजूनं कोणी येऊच शकत नाही. खऱ्या आयुष्यात अशी हद्द किती जड जाते ते कारगिलला दिसलं. 1999 मध्ये वायुसेनेची मोहीम 26 मे ला सुरू झाली, तेव्हा वायुसेनाप्रमुख आपले अनिल टिपणीस होते. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा स्पष्ट हुकूम होता. म्हणजे शत्रू शिखरांवर बसलेला, दऱ्या अरुंद, आणि हल्ला करून वळायला जागा तेवढीच, पलीकडे जायचं नाही. पहिल्या तीन दिवसांत दोन लढाऊ विमानं आणि एक हेलिकॉप्टर गेलं. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांचा धोका दिसल्यावर पद्धत बदलली. हल्ले त्या टप्प्याच्या वरून सुरू झाले, आणि 24 जूनला मिराज-2000 नं टायगर हिलवर लेसरनं नेम साधणारा बॉम्ब टाकला. तिथं माणसं गेली, त्याची गेमशी बरोबरी करायची नाही. पण हद्द, उंची आणि डोंगर मिळून लढायची पद्धत कशी ठरवतात, हे याहून स्पष्ट कुठं दिसणार नाही.

आणखी एक, बाजू किती आहेत तेही बघायचं. तुला दोन बाजूंचीच सवय. एसेस हाय नावाचा एक जुना गेम आहे, त्यात तीन देश असतात. नाइट, बिशप आणि रूक. तिथं समोरच्याचा तळ नुसता बॉम्ब टाकून मिळत नाही. आधी शेजारचं गाव पाडायचं, मग 10 सैनिक नेऊन ठरलेल्या खोलीत पोचवायचे, तेव्हा तळ आपला. आणि तिसरी बाजू असल्यामुळे तुम्ही एका सीमेवर सगळी ताकद लावली की दुसऱ्या सीमेवर कोणीतरी हळूच आत शिरलेलं असतं. तिथं सैनिक नेणारं संथ मालवाहू विमान चालवणारा माणूस सगळ्यात मोलाचा, आणि त्याच्या नावावर पाडलेलं एकही विमान नसतं. हे तुला मुद्दाम सांगतेय, कारण तुझं सगळं लक्ष आपण किती पाडले या आकड्यावर असतं.

आता तुला राग येईल ते सांगते. "हा नकाशाच अन्यायाचा आहे" हे रडणं बंद कर. काही नकाशे आरशासारखे दोन्हीकडून सारखे असतात. ते न्यायाचे असतात, पण थोड्या दिवसांत त्यांत नवीन काही उरत नाही. खऱ्या लढायांवरून केलेले नकाशे सारखे नसतातच. एका बाजूला बेट आणि जहाजं, दुसरीला मोठा किनारा. तिथं गेमवाला गुण, वेळ, विमानांची संख्या यांत काहीतरी देऊन तोल साधायला बघतो. आपल्याला काय कमी दिलंय ते दिसतंच. त्याबदल्यात काय जास्त दिलंय, ते शोधायचं.

आणि आपल्या लोधीखेड्याचं नेटही नकाशातच धर. सर्व्हर दूर देशात, संध्याकाळी सगळं गाव मोबाइलवर, आणि पिंग वाढलेलं. अशा वेळी जवळून, वळणावळणाच्या झुंजीत तुझी गोळी नेहमीच उशिरा पोचणार. समोरचा पडद्यावर दिसतो तिथं तो नसतोच. त्या वेळेला रणगाडे फोड, बॉम्बर चालव, नाहीतर वरून एक झडप घालून निघून जा. वळायचं काम सकाळच्या चांगल्या नेटसाठी ठेव. यात कमीपणा काही नाही. आपल्या मैदानात खेळणं यालाच म्हणतात.

व्हॉइस चॅटवर मुलीचा आवाज ऐकला की काही पोट्टे चाळे करतात, ते मला ठाऊक आहे. त्यांना म्यूट कर, तक्रार टाक, उत्तर देत बसू नको. गाव, शाळा, नंबर कोणालाही सांगायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. ज्यांच्याशी पटतं त्या दोघीतिघींचाच गट कर. दोन जणी एकाच उंचीवर, एक झडप घालते आणि दुसरी वर थांबते, एवढं जरी जमलं तरी अर्ध्या सामन्यांचं चित्र बदलेल. आणि रात्री अकरानंतर बंद. झोप नसली की नकाशा दिसत नाही, नुसती विमानं दिसतात.

हा नाद तुला खरंच आत कुठंतरी लागलाय, हे मला दिसतं. मग त्याला वाट दे. आपल्याच मध्य प्रदेशातली अवनी चतुर्वेदी 2016 मध्ये वायुसेनेच्या पहिल्या तीन महिला फायटर वैमानिकांमध्ये होती. पुण्याजवळ खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली. त्या वाटेला जायचं तर अकरावीला गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. आत्ता केलेला उंची आणि वेगाचा हिशोब त्याच पुस्तकातला आहे, फक्त तिथं विमानाऐवजी दगड असतो. जायचं की नाही ते तू ठरव, घाई नाही. पण दार स्वतःहून लावून घेऊ नकोस.

आता कामाचं. प्रीमियम विमानाचे पैसे महिनाभर मागायचे नाहीत. या आठवड्यात प्रत्येक सामन्याआधी वहीत चार ओळी लिहायच्या. झेंडा कुठं आहे, म्हणजे हा सामना कशानं जिंकतात. माझ्या धावपट्टीपासून तो किती लांब आणि मी तिथं किती उंचीवर पोचणार. आडोसा कुठं, सूर्य कुठं. अडचणीत आले तर कुठं पळायचं. सामना संपला की त्याखाली एकच ओळ, मेले ती जागा कोणती. रविवारी ती वही समोर घेऊन मला फोन कर. एकाच नकाशात तू पुन्हा पुन्हा त्याच जागी मरतेयस असं निघालं, तर विमानाचं नाव काढायचं नाही. आणि सगळं नीट करूनही झिरोच कमी पडतंय असं वहीतून दिसलं, तर बाबांशी मी बोलेन.